अवकाश गेममधल्या यादृच्छिक घटना लागोपाठ आदळत होत्या, असं सुटलं

मी बनवलेल्या, टर्नवर (आळीपाळीच्या खेळीवर) चालणाऱ्या अवकाश-स्ट्रॅटेजी गेममध्ये एका खेळाडूवर लागोपाठ तीन टर्न चाचे, रोगाची साथ, पुन्हा चाचे. दुसऱ्याकडे ४० टर्न शुकशुकाट.

दर टर्नला घटना घडण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ३ वर आणली, नुकसान निम्मं केलं. गेम नुसता मिळमिळीत झाला. दोन आठवडे डोकं उठलं.

दोष आकड्यात नव्हताच. दर टर्नला स्वतंत्र फासा टाकला, की ५ टक्क्यांनाही सलग ४० टर्न काहीच न घडण्याची शक्यता सुमारे १३ टक्के उरते.

आधी फासा काढला. मग प्रत्येक खेळाडूला २० पत्त्यांचा गड्डा दिला: १९ कोरे, एक घटनेचा. पिसून दर टर्नला एक उचलायचा, संपला की नवा गड्डा. घटनेचा पत्ता पहिल्या पाचांत आला तर पुन्हा पिसायचं, नाहीतर जोडघटना परत येतात (हे मला उशिरा सुचलं). त्यानंतर ‘५०० खनिज वजा’च्या जागी ‘साठ्याच्या १५ टक्के’ केलं. एकाच ग्रहावर तग धरणाऱ्याचं त्या ५०० नेच कंबरडं मोडत होतं. शेवटी पिसलेला क्रम सेव्ह फाइलमध्ये टाकला, म्हणजे रीलोड करून साथ चुकवता येत नाही.

आता दोन घटनांमधलं अंतर ६ ते ३४ टर्न राहतं.