सैनिकी प्रशिक्षणाला निघालेल्या मुलामुलींच्या घरच्यांसाठी तयारीची यादी

मुलाची किंवा मुलीची सैन्यात निवड झाली की बरोबर काय आणावे आणि काय आणू नये याची यादी त्या त्या दलाकडून हाती येते, आणि घरातला सगळा उत्साह पुढचे काही दिवस त्या वस्तू गोळा करण्यात जातो. ती यादी जशीच्या तशी पाळावी, तिच्यात आपल्या मनाने भर घालू नये आणि शक्य तितक्या लवकर ती हातावेगळी करून पुढच्या कामांकडे वळावे. मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात घरातले व्यवहार, कुरबुरी आणि निर्णय प्रशिक्षणार्थ्यापर्यंत सहसा पोचत नाहीत आणि पोचवूही नयेत. म्हणून जे काही त्याच्याशी किंवा तिच्याशी बोलून ठरवायचे आहे ते निघण्याआधीच ठरवून टाकणे, हीच घरच्यांची मुख्य तयारी होय.

हा काळ किती असेल हे आधी नीट विचारून घ्यावे, कारण तो दलागणिक बदलतो. अमेरिकी भूदलात मूलभूत प्रशिक्षण १० आठवड्यांचे असते, यूएस मरीन कॉर्प्समध्ये १३ आठवड्यांचे. भारतीय भूदलातील अग्निवीरांचे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे आखले गेले, तर भारतीय नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी आयएनएस चिल्का येथील १६ आठवड्यांचे प्रशिक्षण संपवून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. मूलभूत प्रशिक्षणानंतर बहुतेकांना आपापल्या कामाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, हेही घरातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावे; नाहीतर परेडच्या दुसऱ्या दिवशी मूल कायमचे घरी येणार अशी समजूत आजीआजोबांची किंवा धाकट्या भावंडांची होऊन बसते.

शरीराची तयारी निदान तीन महिने आधी सुरू व्हावी, आणि याच बाबतीत घरच्यांची मदत सर्वांत जास्त उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे. नव्या सैनिकांच्या पायांच्या हाडांना सततच्या चालण्याने बारीक तडे जातात, ही गोष्ट सैनिकी वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. लांब कूच केल्यानंतर सैनिकांची पावले दुखून सुजतात, अशी नोंद प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी १८५५ मध्येच केली होती. भार अचानक वाढला की हाड आधी जुना भाग झिजवते आणि मग नवा घडवते. झिजवण्याचे काम काही आठवड्यांत होते, घडवण्याचे मात्र काही महिने चालते, आणि या मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा कमजोर असते. म्हणून शेवटच्या पंधरा दिवसांत जिद्दीने रोज दहा-दहा किलोमीटर धावणाऱ्या मुलाचे कौतुक करण्याऐवजी त्याला थांबवावे. चालणे, धावणे आणि पाठीवरचे ओझे हे तिन्ही हळूहळू, आठवड्यागणिक थोडेथोडे वाढवत न्यावे आणि मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत. नवे बूट घेण्याची परवानगी असेल तर ते आधीच घेऊन पायात रुळवावेत. मुलींमध्ये अशा तड्यांचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त आढळते, त्यामुळे त्यांच्या आहाराकडे, लोहाच्या कमतरतेकडे आणि पाळीच्या नियमितपणाकडे घरच्यांनी अधिक लक्ष द्यावे. अमेरिकी नौदलातील ५,२०१ महिला प्रशिक्षणार्थींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज २,००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८०० एकक ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात तड्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. हे वाचून कोणी आपणहून गोळ्या सुरू करू नयेत. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवून रक्ततपासणी करून घ्यावी आणि ते सांगतील तेच घ्यावे.

प्रशिक्षण उन्हाळ्यात सुरू होणार असेल तर अंगाला उष्ण हवेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्यामुळे शेवटचे दोन आठवडे वातानुकूलित खोलीत काढू देऊ नयेत. दात, चष्मा आणि जुनी दुखणी यांची तपासणी याच काळात उरकून घ्यावी. वैद्यकीय तपासणीत एखादा आजार, शस्त्रक्रिया किंवा चालू औषध लपवण्याचा सल्ला कधीही देऊ नये. कितीही हितचिंतक तसे सुचवत असले तरी लपवलेली गोष्ट पुढे उघड झाली तर नोकरी जाऊ शकते, आणि दम्यासारखा विकार लपवला असेल तर जिवावर बेतू शकते.

तंबाखू, सिगारेट किंवा रात्री उशिरापर्यंत जागण्याची सवय असेल तर ती प्रशिक्षण केंद्राच्या दारात सोडू असे म्हणून चालत नाही, कारण पहिल्या आठवड्यातल्या ताणात त्या ओढीची भर पडते. पहाटे उठणे, ठरलेल्या वेळेत तयार होणे, अंथरूण घडी करून ठेवणे, कपडे धुणे, इस्त्री करणे, बटण लावणे, बुटांना पॉलिश करणे ही कामे ज्याच्या त्याला आली पाहिजेत. आई-वडिलांनी या काळात ती स्वतः करून देणे बंद करावे. निरोपाच्या आधीच्या दिवसांत सगळे हातात आणून द्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्या लाडाचा तिथे उपयोग होत नाही.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते अर्धवट सोडू नये. मूळ प्रमाणपत्रांच्या प्रती काढून एक संच घरी ठेवावा, नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख सर्व कागदांवर एकसारखी आहे की नाही ते पाहावे, बँकेचे खाते चालू आहे याची खात्री करावी आणि वारस म्हणून कोणाचे नाव द्यायचे हे शांतपणे बोलून घ्यावे. हा शेवटचा विषय काढणे जड जाते, तरी विम्याच्या आणि निवृत्तिवेतनाच्या अर्जांवर तो रकाना असतोच, आणि तो पहिल्यांदा परक्या टेबलावर एकट्याने भरण्यापेक्षा घरी बोलून गेलेला बरा. शैक्षणिक कर्ज, गाडीचे हप्ते, मोबाइलचे मासिक बिल, खोलीचे भाडे यांपैकी जे काही मुलाच्या नावावर असेल ते या महिन्यांत कोण भरणार, कोणत्या खात्यातून भरणार आणि त्यासाठी लेखी अधिकारपत्र लागते काय, हे ठरवून त्याची नोंद करून ठेवावी. पहिला पगार कधी जमा होईल याचा अंदाज घ्यावा आणि त्यावर घरातल्या कोणी आधीच हक्क सांगू नये.

निघण्याआधी दोन गोष्टींवर सविस्तर बोलणे व्हावे. पहिली म्हणजे घरात काही वाईट घडले तर कळवायचे की नाही. आजी आजारी पडली, वडिलांची शस्त्रक्रिया ठरली, तर परीक्षा किंवा मोठा सराव संपेपर्यंत थांबायचे, की लगेच सांगायचे, हे मुलाकडून किंवा मुलीकडून स्वतः ऐकून घ्यावे आणि त्याप्रमाणे वागावे. आपल्या भल्यासाठी घरच्यांनी लपवले हे नंतर कळले तर ते माफ होतेच असे नाही. खऱ्या आणीबाणीसाठी प्रत्येक दलाची ठरलेली वाट असते: अमेरिकेत अमेरिकन रेड क्रॉस घटनेची खातरजमा करून वरिष्ठांपर्यंत निरोप पोचवते, इतरत्र केंद्राच्या कार्यालयाला कळवावे लागते. त्यासाठी प्रशिक्षणार्थ्याचे पूर्ण नाव, क्रमांक, तुकडी, केंद्राचा पत्ता आणि कार्यालयाचा दूरध्वनी घरात किमान दोघांकडे लिहिलेला असावा. दुसरी गोष्ट म्हणजे सोडून यावेसे वाटले तर काय करायचे. हा प्रश्न मुलाच्या मनात येणारच आहे, म्हणून तो आधी मोकळेपणाने बोलावा. ‘तू परत आलास तरी हे घर तुझेच आहे, पण एका वाईट दिवशी निर्णय घेऊ नकोस, निदान आठवडाभर थांब’ एवढे सांगितलेले पुरते. परत आलास तर तोंड दाखवू नकोस अशा भाषेने मुले टिकत नाहीत; फक्त घरी खरे सांगायचे थांबतात.

केंद्रात पोचल्यावर मोबाइल बहुतेक ठिकाणी जमा होतो आणि मग काही दिवस, कधी काही आठवडे, घरी काहीच कळत नाही. पहिला फोन फार छोटा असतो. यूएस मरीन कॉर्प्समध्ये तर ठरवून दिलेली वाक्येच वाचून फोन ठेवायचा असतो, त्यामुळे आवाज तुटक आला किंवा प्रश्नांना उत्तर न देता फोन बंद झाला तर त्याचा अर्थ लावत बसू नये. नंतर ज्या दिवशी फोन येण्याची शक्यता असेल त्या दिवशी तो उचलायला कोणीतरी मोकळे असावे, आणि त्या पाच-दहा मिनिटांत रडणे, तक्रारी आणि ‘जेवतोस ना’ची दहा वेळा चौकशी यांत वेळ घालवण्याऐवजी समोरच्याला बोलू द्यावे. काय विचारायचे ते आधी कागदावर टिपून ठेवले तर निघताना राहून गेलेली व्यवहाराची एखादी गोष्टही त्यातच उरकते.

पत्रे मात्र भरपूर लिहावीत. फोन एका दिवसाचा असतो, पत्र खिशात किंवा पेटीत राहते आणि थकलेल्या रात्री पुन्हा वाचता येते. प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक घालावा, कारण टपाल उलटसुलट पोचते आणि तिसरे पत्र दुसऱ्याच्या आधी हाती पडते. पाकीट साधे असावे, त्यावर चित्रे, चकाकणारे कागद किंवा गमतीची विशेषणे नसावीत. अशा पाकिटामुळे मुलाकडे सगळ्यांचे लक्ष जाते आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. खाऊ, औषधे आणि पैसे पाठवण्याआधी नियम विचारावेत. कोरे कागद, लिहिलेल्या पत्त्याची पाकिटे आणि टपाल तिकिटे यांना सहसा हरकत नसते. मजकुरात घरातले रोजचे साधे घडलेले असावे: कोणाचा निकाल लागला, कुंडीत काय उगवले, शेजारी कोण राहायला आले. ‘तुझ्याशिवाय घर खायला उठते’ हे कितीही खरे असले तरी ते वारंवार लिहू नये, कारण तिकडे बसलेल्या मुलाला त्यावर काहीच करता येत नाही. त्याऐवजी त्याने गेल्या पत्रात सांगितलेल्या एखाद्या सरावाबद्दल, सोबत्याबद्दल नावानिशी विचारावे. आपले पत्र घरी नीट वाचले जाते एवढे कळले तरी त्याला बळ येते. घरातल्या प्रत्येकाने, धाकट्यांनीसुद्धा, स्वतंत्र पत्र लिहावे.

मुलाचे पहिले पत्र बहुधा निराश असते, आणि ते आपल्या हाती पडेपर्यंत लिहिणारा त्या मनःस्थितीतून बाहेर आलेला असू शकतो. म्हणून ते वाचून लगेच केंद्रात धाव घेणे, ओळखीच्या अधिकाऱ्याकडे शब्द टाकणे टाळावे. ओरडा, कमी झोप, पायाला फोड, सर्दी-खोकला हे बरेचदा सगळ्यांच्याच वाट्याला येते. एका बराकीत दाटीने राहणाऱ्यांमध्ये श्वसनाचे आजार इतके पसरतात की अमेरिकी सैन्य २०११ पासून नव्या सैनिकांना ॲडिनोव्हायरसच्या दोन प्रकारांवरील लस पुन्हा देऊ लागले. काही गोष्टी मात्र सहन कर म्हणून सांगण्यासारख्या नसतात. एकाच जागी वाढत जाणारे हाडाचे दुखणे, उन्हात भोवळ येऊन बडबडणे, व्यायामानंतर गडद तपकिरी लघवी होणे ही लक्षणे मुलाला निघण्याआधीच समजावून सांगावीत आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही हे पक्के मनात भरवावे. मारहाण, लैंगिक त्रास, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा पत्रात वा फोनवर आली तर वाट न पाहता केंद्राच्या कार्यालयाशी बोलावे, बोलणे कोणाशी आणि केव्हा झाले ते लिहून ठेवावे, आणि दखल घेतली गेली नाही तर वरच्या पातळीवर लेखी कळवावे.

दुखापत झाली किंवा एखादी चाचणी हुकली तर प्रशिक्षणार्थ्याला मागच्या तुकडीत ठेवतात. सोबती पुढे निघून गेलेले असतात, स्वतः रोज बराकीत बसून बरे व्हायचे असते आणि शेवटची तारीख लांबलेली असते, त्यामुळे मुलामुलींना हा काळ सगळ्या प्रशिक्षणात सर्वांत अवघड जातो. नेमक्या याच वेळी घरून येणारी पत्रे कमी होतात, कारण काय लिहावे कळत नाही, ती वाढवावीत. नातेवाइकांना तारीख पुढे गेल्याचे आपणच साधेपणाने सांगून टाकावे, म्हणजे परतल्यावर तोच प्रश्न प्रत्येक जण मुलाला विचारणार नाही.

घरी राहणाऱ्यांनीही सावध असावे. तुकडीचे नाव, केंद्रातील हालचाली, प्रवासाच्या तारखा आणि गणवेशातील छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याआधी दलाचे नियम पाहावेत, आणि शंका असेल तर टाकू नयेत. ‘तुमच्या मुलाचा अपघात झाला आहे, ताबडतोब पैसे पाठवा’ असा फोन आला तर घाबरून व्यवहार करू नये; आधी लिहून ठेवलेल्या अधिकृत क्रमांकावर स्वतः फोन लावून खात्री करावी. कोणतेही दल उपचारासाठी पालकांकडून अशा रीतीने पैसे मागत नाही.

पासिंग आउट परेडला जायचे असेल तर किती जणांना प्रवेश आहे, कोणते ओळखपत्र लागते, आत मोबाइल नेता येतो का आणि समारंभ किती वाजता सुरू होतो हे आधी विचारावे. तिकिटे आणि राहण्याची सोय रद्द करता येईल अशीच घ्यावी, कारण दुखापतीमुळे किंवा अन्य कारणाने तारीख शेवटच्या आठवड्यातही बदलू शकते. परेडनंतर मिळणारी रजा किती दिवसांची आहे आणि पुढे हजर कधी आणि कुठे व्हायचे आहे हे कळेपर्यंत घरी कार्यक्रम ठरवू नये. रजेचे पहिले दोन दिवस झोपेसाठी मोकळे सोडावेत, पाहुण्यांना तिसऱ्या दिवसानंतर बोलवावे, आणि पुढच्या केंद्राचा पत्ता हाती आला की जुन्या पत्त्यावर पत्रे टाकणे थांबवून नवा पत्ता सर्वांना कळवावा.