लाइन अप पण प्रोटोकॉल डाउन? आधी केबलचं टोक बघा

दोन राउटर सिरियल केबलने जोडले, दोन्हीकडे आयपी टाकला, तरी पिंग (समोरचा पोचतोय का बघायची चाचणी) काय जात नाय. अशा वेळी लोक सगळं कॉन्फिग पुसून पहिल्यापासून बसतात, मी पण बसायचो, आणि तासाभराने परत तिथेच. म्हणून आधी काही न पुसता शो इंटरफेसेस सिरियल ०/०/० मारा (तुमचा पोर्ट नंबर वेगळा असेल तर तो टाका) आणि पहिली ओळ नीट वाचा. हे सगळं सिस्कोच्या राउटरचं सांगतोय.

ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन दिसलं तर नो शटडाउन (पोर्ट चालू करायची कमांड) राहिलंय, विषय संपला. डाउन-डाउन (लाइन आणि प्रोटोकॉल दोन्ही) असेल तर केबल सैल, केबल खराब, नाहीतर समोरच्याने त्याचा पोर्ट शट ठेवलाय. पण अप आणि लाइन प्रोटोकॉल डाउन असं आलं तर वायर बहुतेक ठीक आहे, आणि लॅबमधे पहिला संशय क्लॉकवर.

क्लॉक म्हणजे घड्याळातली वेळ नाय हं. सिरियल लाइनवर पुढचा बिट नेमका कधी वाचायचा याचा ठेका कुणीतरी धरावा लागतो, तो धरणारा डीसीई आणि त्या ठेक्यावर चालणारा डीटीई. खऱ्या लीज्ड लाइनवर (कंपनीकडून भाड्याने घेतलेली लाइन) ठेका मोडेम किंवा सीएसयू-डीएसयूकडून (लाइन आणि राउटरच्या मधला डबा) येतो आणि राउटर डीटीई असतो, त्यामुळे तिथे तुम्हाला क्लॉक रेट (ठेक्याचा वेग, सेकंदाला किती बिट) टाकायचाच नसतो. लॅबमधे मधे कोणीच नसतं म्हणून एका राउटरला डीसीई व्हावं लागतं, आणि कोणता होणार ते कॉन्फिग नाही, केबल ठरवते. इथेच सगळे गंडतात.

केबलच्या टोकावर डीसीई किंवा डीटीई छापलेलं असतं, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. आमच्या लॅबमधे एका केबलचं लेबल निघालं होतं आणि कुणीतरी भलेपणाने पांढरी टेप लावून त्यावर पेनाने डीसीई लिहिलं होतं, ते पण उलट्या टोकाला, आणि आम्ही दोघं अर्धा दिवस चुकीच्या राउटरवर क्लॉक रेट टाकत होतो. राउटर बिचारा दर वेळी सांगत होता की ही कमांड फक्त डीसीई इंटरफेसला चालते, आम्हाला वाटलं आयओएस (राउटरचं सॉफ्टवेअर) बिघडलंय!

तेव्हा राउटरलाच विचारा: शो कंट्रोलर्स सिरियल ०/०/०. जुन्या राउटरवर सिरियल आणि नंबरच्या मधे स्पेस सोडा, नाहीतर कमांड घेत नाय. पानभर आउटपुट येईल, घाबरू नका, वरच्या चार-पाच ओळीच कामाच्या. डीसीई व्ही.३५ (व्ही.३५ हा केबलचा प्रकार) आणि पुढे क्लॉक रेट ६४००० असं काही दिसलं तर ठेका इथून जातोय. डीसीई पण नो क्लॉक असेल तर चोर सापडला. डीटीई असेल तर टीएक्स (पाठवायचा) आणि आरएक्स (घ्यायचा) क्लॉक डिटेक्ट झालेत का बघा, क्लॉक्स स्टॉप्ड आलं तर समोरून ठेका येतच नाय. आणि नो केबल आलं तर, अहो, प्लग घट्ट बसवा. स्मार्ट सिरियल प्रकारच्या केबलचं ते बारकं २६ पिनांचं टोक जोर लावून उलटं घालायचा प्रयत्न केला की पिना वाकतात, आधी आकार जुळतोय का पाहून मगच ढकला.

उपाय एका ओळीचा, डीसीईवाल्या राउटरच्या इंटरफेसमधे जाऊन क्लॉक रेट ६४०००. मनाला येईल तो आकडा चालत नाय, ठरलेलेच चालतात, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की यादी येते. नवीन कार्डांवर बऱ्याचदा २०००००० आधीच असतो, म्हणून काही जणांना हा प्रॉब्लेम कधी भेटतच नाय. पॅकेट ट्रेसरमधे (सिस्कोचं सरावाचं सॉफ्टवेअर) डीसीई केबल निवडून ज्या राउटरवर पहिलं क्लिक कराल तो डीसीई, त्या टोकाला छोटं घड्याळ दिसतं.

आणि बँडविड्थ कमांडने स्पीड बदलत नाय! तो आकडा ओएसपीएफ, ईआयजीआरपी वगैरे रस्ता निवडणाऱ्या प्रोटोकॉलना हिशोबासाठी, न टाकल्यास सिरियलवर साधारण १५४४ केबीपीएस धरतात.

क्लॉक बरोबर असून प्रोटोकॉल डाउनच? मग एन्कॅप्सुलेशन (लाइनवर डेटा कोणत्या पद्धतीने गुंडाळायचा ते) बघा, एकीकडे डिफॉल्ट एचडीएलसी आणि दुसरीकडे पीपीपी असेल तर जन्मात जुळणार नाय. दोन्हीकडे एचडीएलसी असेल तर डीबग सिरियल इंटरफेस चालू करा. दर १० सेकंदांनी कीपअलाइव्ह (मी जिवंत आहे सांगणारा छोटा संदेश) जातो, त्यात मायसेक (तुम्ही पाठवलेला नंबर) वाढतोय आणि माइनसीन (समोरच्याने त्यातला पाहिलेला नंबर) जागचा हलत नाय म्हणजे तुम्ही पाठवलेल्याची पोच परत येत नाय. झालं की अनडीबग ऑल, हे विसरू नका.

शेवटचा प्रकार चिवट, लिंक अप-अप आहे पण सीआरसी (बिघडलेला डेटा) आणि अबॉर्ट (मधेच तुटलेला डेटा) यांचे आकडे चढतायत. क्लिअर काउंटर्स मारून थोडा वेळ थांबा, वाढतच असतील तर केबल बदलून बघा, क्लॉक रेट खाली आणा. लांब केबलवर क्लॉक आणि डेटाचा मेळ चुकतो, तिथे इन्व्हर्ट टीएक्सक्लॉक (पाठवायचा क्लॉक उलटा करणारी कमांड) कामाला येतं (सगळ्या कार्डांवर ही कमांड नसते). मग एक्स्टेंडेड पिंग (साइझ, पॅटर्न वगैरे निवडता येणारं पिंग) लावा, साइझ १५००, डेटा पॅटर्न एकदा सगळे शून्य आणि एकदा सगळे एफ, आणि परत सीआरसी बघा.