सेल्फ मारतो, पण इंजिन धरत नाही? इमोबिलायझरच्या बाबतीत या चुका टाळा

सेल्फ जोरात फिरतोय, दिवे लख्ख लागतायत, हॉर्न वाजतोय आणि इंजिन मात्र धरत नाही. नाहीतर सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतंय. सोलापुरात सात रस्त्याला अशी गाडी अडकली की सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी म्हणतं पेट्रोल पंप गेला, कुणी म्हणतं प्लग बघा, कुणी धक्का मारायला बाह्या सरसावतं. मीटरमधला चावीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा बारीक दिवा मात्र कुणी बघत नाही. हा दिवा इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा. चूक इथूनच सुरू होते.

इग्निशन ऑन केल्यावर हा दिवा क्षणभर लागून विझला, तर बहुतेक गाड्यांत चावी ओळखली गेली असं धरायला हरकत नाही. मग पंप, फ्यूज, सेन्सर बघा. तो लुकलुकतच राहिला तर मात्र इमोबिलायझर अडवतोय. गाडी बंद करून ठेवल्यावर तो सावकाश लुकलुकतो, तो चोराला दिसावा म्हणून. तो बिघाड नव्हे.

आत घडतं ते असं. चावीच्या डोक्यात एक चिप असते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची गोल कॉइल असते आणि ती बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडते. त्याच लहरींतून चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर, इंधन सोडतं. काही गाड्यांत ओळख पटल्याशिवाय सेल्फसुद्धा फिरत नाही.

म्हणजे या चिपला सेल लागतच नाही. चावीतला सेल असतो रिमोट लॉकसाठी. तरी लोक आधी सेल बदलतात आणि गाडी तशीच उभी. उलटही होतं: रिमोटने दार उघडलं म्हणजे चावी चांगली, असं समजून मेस्त्री बॉनेटखाली शोधत बसतो. बटण स्टार्टच्या गाडीत गोष्ट वेगळी आहे, तिथे सेल संपला की चावी सापडत नसल्याचा मेसेज येतो. बहुतेक अशा गाड्यांत चावीच बटणाला टेकवून बटण दाबलं की काम होतं. काहींत चावी ठेवायची जागा दुसरीकडे असते, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते.

सगळ्यात जास्त घोळ चावीचं कव्हर बदलताना होतो. बटणं झिजली म्हणून नवी पेठेतून नवं कव्हर घेतलं, पातं आणि रिमोटची पट्टी त्यात बसवली, जुनं कव्हर कचऱ्यात टाकलं. चिप त्या जुन्या कव्हरच्या कोपऱ्यातच राहिली! बऱ्याच चाव्यांत ती सुटी असते: काळा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा, नाहीतर काचेची बारीक नळी. प्लॅस्टिकचाच भाग वाटतो. कव्हर बदलल्यावर गाडी सुरू होईना तर आधी कचऱ्याचा डबा पालथा करा. नुसतं पातं कापून केलेल्या डुप्लिकेट चावीचंही तसंच. दार उघडेल, सेल्फही मारेल, इंजिन धरणार नाही.

म्हणून पहिली तपासणी दुसऱ्या ओरिजिनल चावीने करा, फुकटात होते. ती घरात कपाटात असते, गाडी अक्कलकोट रस्त्यावर अडकलेली असते, हे खरंच. पण घरून कुणाला तरी ती आणायला सांगणं टो करण्यापेक्षा स्वस्त पडतं. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी किंवा ऑफिसच्या गेटचा टॅग असेल तर तोही सोडवून बाजूला ठेवा. दोन चिपा एकाच कॉइलपाशी आल्या की गोंधळ होतो.

दुसऱ्या चावीनेही तेच झालं तर बॅटरी. सोलापूरचा एप्रिल-मे, चाळिशीपार पारा आणि दिवसभर उन्हात उभी गाडी. बॅटरीचं आयुष्य इथे उन्हाळ्यातच आटतं. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेलं तर सेल्फ फिरत असूनही कंट्रोल युनिट गडबडू शकतं आणि दोष इमोबिलायझरवर येतो. टर्मिनलवरची पांढरी बुरशी आणि अर्थची वायरही याच वेळी बघून घ्या.

धक्का मारू नका. इंधनच बंद आहे, तर धक्क्याने काय होणार? सेल्फही लागोपाठ मारू नका, उरलीसुरली बॅटरी त्यात जाते. ‘दहा मिनिटं टर्मिनल काढून ठेवा, रिसेट होईल’ हा सल्ला क्वचित कधी लागू पडतो, पण चावीची नोंद अशाने पुसली जात नाही की नव्याने होत नाही. बऱ्याच गाड्यांत साठलेले फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, मात्र जातात, म्हणून आधी स्कॅनर लावून ते वाचून घ्या. पी०५१३ म्हणजे चावी चुकीची. पी०६३३ म्हणजे इसीएममध्ये चावीची नोंदच नाही. यू अक्षराने सुरू होणारे कोड आले तर युनिटांचं आपसात बोलणं तुटलंय. मग उंदरांनी कुरतडलेली वायर, सैल कप्लर, नाहीतर मागून बसवलेल्या अलार्मसाठी कापून जोडलेल्या तारा शोधा. या शेवटच्या प्रकाराचा मला विशेष राग आहे, कारण चांगल्या वायरिंगची तिथे पार वाट लागते.

आता महागडी चूक. ‘मालक, इसीएम गेलं. भंगारातलं आणतो, निम्म्यात बसवू.’ दुसऱ्या गाडीचं इसीएम दुसऱ्या चाव्या ओळखतं. नीट प्रोग्रॅमिंग केल्याशिवाय ते तुमच्या चावीला दाद देणार नाही. प्रोग्रॅमिंगला बसताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण अनेक गाड्यांत नवी नोंद करताना जुन्या पुसल्या जातात. अंदाजाने सिक्युरिटी कोड टाकत बसू देऊ नका, चुका वाढल्या की सिस्टिम काही काळ लॉक होते. इमोबिलायझर कायमचा बायपास करायला तर साफ नकार द्या. आणि इसीएम बदलायला हो म्हणण्याआधी त्याला सप्लाय, अर्थ आणि चावीचा सिग्नल पोचतोय का, ते स्कॅनरच्या पडद्यावर स्वतः बघून घ्या.