रिक्वायरमेंट टूलमधले शब्द आणि त्यावरून होणारे घोळ: या चुका टाळा

सोलापुरात एकाच कारखान्यात मालक मराठीत बोलतो, मागावरचा माणूस तेलुगूत, हिशोबाचा माणूस कन्नडमध्ये, आणि तरी टॉवेलचा माल वेळेवर जातो, कारण कुठं अडलं तर मागावर हात ठेवून "हे बघ, हे" असं दाखवता येतं. सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे सिस्टिमनं काय करायचं हे लिहून ठेवलेल्या वाक्यात, हात ठेवायला काहीच नसतं, तिथं फक्त शब्द असतो. मी मागाच्या कंट्रोलरवर काम करतो आणि आमच्या रिक्वायरमेंट्स एका टूलमध्ये ठेवतो. आतापर्यंत जेवढे मोठे घोळ झाले त्यातले बहुतेक टूल बिघडलं म्हणून नाही, तर दोन माणसांनी एकाच शब्दाचा वेगळा अर्थ धरला म्हणून झाले. म्हणून हे नव्यानं या कामात येणाऱ्या पोरापोरींसाठी लिहितोय.

सगळ्यात आधी "पाहिजे" हा शब्द घ्या. इंग्रजी रिक्वायरमेंटमध्ये शॅल म्हणजे बंधनकारक, शुड म्हणजे असलं तर बरं, विल म्हणजे नुसतं विधान किंवा पुढं काय होणार आहे त्याची माहिती, आणि मे म्हणजे मुभा. आयएसओ २९१४८ हे स्टँडर्ड हाच फरक सांगतं. मराठीत आपण या चारातल्या निदान दोघांना सरळ "पाहिजे" म्हणतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका गिऱ्हाइकाकडं बसलो होतो, ते म्हणाले "ताण्याचा धागा तुटला की माग लगेच थांबला पाहिजे" आणि त्याच दमात "डिस्प्लेवर मराठी पण पाहिजे". मी दोन्ही वाक्यं शुड लावून टाइप केली. पुढं टेस्ट प्लॅन काढणाऱ्यानं फिल्टर लावला शॅलवर, आणि तो बरोबरच होता, पण त्यामुळं धागा तुटल्यावर माग थांबण्याची रिक्वायरमेंट टेस्टमध्ये आलीच नाही. हे कळलं ते गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये, टॉवेलवर लांबच्या लांब रेघ पडल्यावर. तेव्हापासून मीटिंगमध्ये "पाहिजे" ऐकलं की मी तिथंच विचारतो, "हे झालं नाही तर माल परत पाठवणार का?" हो म्हणाले तर शॅल. नाही म्हणाले तर शुड, आणि प्रायॉरिटीचा अॅट्रिब्यूट, म्हणजे टूलमधला रकाना, वेगळा भरायचा. शुड आणि लो प्रायॉरिटी एकच आहे असं धरू नका, बंधन किती आणि काम कधी करायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

त्याच वाक्यातला दुसरा चोर म्हणजे "लगेच". मिनिटाला २४० पिक, म्हणजे आडवे धागे, मारणाऱ्या मागावर एक पिक २५० मिलिसेकंदांचा, आणि १५० पिकच्या मागावर तोच ४०० चा. मग "लगेच" म्हणजे एका पिकच्या आत का २५० मिलिसेकंदांच्या आत? कापडावर दिसतो तो पिक, म्हणून विणकर पिक मोजतो, आणि कोड लिहिणारा मिलिसेकंद मोजतो. दोघं आपापल्या जागी बरोबर, पण रिक्वायरमेंटमध्ये एकच युनिट पाहिजे आणि ते आकड्याच्या शेजारीच पाहिजे. युनिटचा घोळ किती महागात पडतो ते नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरवरून कळतं, १९९९ मध्ये एका सॉफ्टवेअरनं पाउंड-फोर्स सेकंदात आकडा दिला, पुढच्यानं तो न्यूटन-सेकंद समजून वापरला, म्हणजे जवळजवळ ४.४५ पटीचा फरक, आणि यान गेलं. "लगेच", "पुरेसं", "सोपं", "शक्यतो", हे चार शब्द टूलमध्ये सर्च करून बघा की, जिथं सापडतील तिथं भांडण पुढं होणारच आहे.

वाक्याची बांधणी जमत नसेल तर इअर्स नावाची पद्धत शिका. रोल्स-रॉइसमधल्या लोकांनी २००९ मध्ये ती मांडली. काय घडल्यावर, कुठल्या अवस्थेत, सिस्टिमनं काय करायचं, एवढ्या साच्यात वाक्य बसवायचं. मराठीत तर ते अजून सोपं जातं, कारण आपलं वाक्य "अमुक झालं की" असंच सुरू होतं.

व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन. दोन्हीला आपण "तपासणी" म्हणतो आणि मग टूलमध्ये एकाच कॉलमात कोंबतो. लिहिलं होतं तसं बनलं का, हे व्हेरिफिकेशन. ज्याच्यासाठी बनवलं त्याचं काम होतंय का, हे व्हॅलिडेशन. आमच्या टचस्क्रीनची रिस्पॉन्स टाइमची टेस्ट टेबलावर व्यवस्थित पास झाली होती, पण शेडमध्ये स्क्रीनवर कापसाची धूळ बसली की बोट लागेना, रात्रपाळीचा कामगार फडक्यानं पुसत बसायचा. म्हणजे व्हेरिफिकेशन हिरवं आणि व्हॅलिडेशन लाल. दोन्हीसाठी वेगळे अॅट्रिब्यूट ठेवा. आणि व्हेरिफिकेशनच्या पद्धतीत सगळीकडं "टेस्ट" लिहू नका, इन्स्पेक्शन, अॅनालिसिस आणि डेमॉन्स्ट्रेशन पण आहेत. लेबल मराठीत आहे का हे डोळ्यांनी बघायचं असतं, त्याला टेस्ट रिग लागत नाही.

आता टूलचे शब्द. डोअर्स या रिक्वायरमेंटच्या टूलमध्ये मॉड्यूल म्हणजे रिक्वायरमेंट्सचा एक संच, कागदपत्रासारखा, आणि कोड लिहिणाऱ्याला मॉड्यूल म्हणजे कोडचा तुकडा. नव्या माणसाला "मॉड्यूल उघड" म्हणालं की तो भलतंच उघडतो. डोअर्समधला ऑब्जेक्ट पोलारिअनमध्ये वर्क आयटम होतो, जामामध्ये आयटम, आणि एका टूलमधून दुसऱ्यात न्यायला वापरतात त्या रेकआयएफ फॉरमॅटमध्ये स्पेक ऑब्जेक्ट. टूल बदलणार असाल तर डेटा हलवायच्या आधी या नावांचा एक तक्ता करा, नंतर करू म्हणालात तर इंपोर्टमध्ये हेडिंगं सुद्धा रिक्वायरमेंट म्हणून मोजली जातात आणि आकडा फुगतो.

आयडीचा घोळ तर दर प्रोजेक्टात होतो. लोक मेलमध्ये लिहितात "३.२.१ बदला". ३.२.१ हा सेक्शन नंबर, मधे एक हेडिंग घातलं की तो ३.३.१ होतो आणि पुढचा माणूस चुकीची रिक्वायरमेंट बदलतो. डोअर्समध्ये अॅब्सोल्यूट नंबर असतो तो हलत नाही, तोच लिहा. मेलमध्ये, टेस्ट रिपोर्टमध्ये, फोनवर बोलताना सुद्धा तोच.

लिंक कुठून कुठं मारायची हे पण ठरलेलं असतं. सहसा खालच्या लेव्हलकडून वरच्याकडं, म्हणजे सॉफ्टवेअरची रिक्वायरमेंट सिस्टिमच्या रिक्वायरमेंटकडं बोट दाखवते. उलट्या मारल्या की ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स, म्हणजे कुठली रिक्वायरमेंट कशाला जोडलीय त्याचा तक्ता, रिकामा दिसतो आणि सगळे म्हणतात टूल हँग झालं. मॅट्रिक्स रिकामा आला तर आधी लिंकची दिशा बघा, मग लिंकचा प्रकार, सॅटिस्फाइज (वरची रिक्वायरमेंट पुरी करते) हवा होता तिथं व्हेरिफाइज (टेस्ट तिला तपासते) लागलाय का, मग व्ह्यूला कुणी फिल्टर लावून ठेवलाय का ते बघा. प्रश्न एवढ्यावर सुटतो बहुतेक वेळा. सस्पेक्ट लिंक म्हणजे लिंक तुटली असं नाही, एका टोकाला काहीतरी बदललंय, तेव्हा दुसरं टोक अजून खरं आहे का ते माणसानं बघावं, एवढाच त्याचा अर्थ. शेकडो सस्पेक्ट एकदम आले की लोक सगळे सिलेक्ट करून क्लिअर करतात, हे करू नका हो, यात खरा बदल गाडला जातो. एवढे का आले ते शोधा, पुष्कळदा कुणीतरी कॉमेंटचा कॉलम भरलेला असतो आणि सेटिंगमध्ये तो पण "बदल" म्हणून धरलेला असतो.

बेसलाइन म्हणजे बॅकअप नाही आणि रिलीज पण नाही. सगळ्यांनी मान्य केलेली, गोठवलेली प्रत. बेसलाइन झाल्यावर केलेला बदल त्या बेसलाइनमध्ये जात नाही, आणि टेस्टचा रिपोर्ट कुठल्या बेसलाइनवर आहे हे लिहिलं नाही तर तो रिपोर्ट कशाचा आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

रीयूज करताना जपा. धोट्याच्या (आडवा धागा नेणाऱ्या शटलच्या) जुन्या मागाच्या रिक्वायरमेंट आम्ही रॅपियर प्रकारच्या मागासाठी उचलल्या आणि "धोटा घरात पोचल्यावर" हे शब्द तसेच राहिले, रॅपियरला धोटाच नसतो. सप्लायरचा इंजिनिअर धोटा पोचल्याचं कळवणारा सेन्सर शोधत बसला.

आता आमच्या टूलमध्ये ग्लॉसरीचं एक वेगळं मॉड्यूल आहे, रिक्वायरमेंटमधला शब्द तिथं लिंक केलेला असतो, आणि त्यात शेडवर काय म्हणतात याचा पण एक कॉलम आहे. तो कॉलम आम्ही ऑफिसात बसून नाही भरला, रात्रपाळीच्या विणकरांबरोबर चहा घेत भरला. "थांबणे" या शब्दापुढं आता लिहिलंय: मोटरचा करंट बंद, ब्रेक लागलेला, आणि फणी (आडवा धागा ठोकून बसवणारी) पुन्हा कापडावर न आलेली. यातली शेवटची अट आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात नव्हती, ती एका म्हाताऱ्या विणकरानं सांगितली.