शॉर्टकट एक दाबला, झाले भलतेच: डेस्कटॉप आणि अ‍ॅपच्या भांडणात या चुका टाळा

इंटेलिजे या कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये कोड नीट मांडून घ्यायला कंट्रोल+ऑल्ट+एल दाबावे, तर स्क्रीनच लॉक होते. इंकस्केप या चित्रे काढायच्या प्रोग्राममध्ये ऑल्ट धरून क्लिक करून ओढावे, तर चित्र जागच्या जागी आणि अख्खी विंडो सरकते. लिब्रेऑफिसच्या कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये आजची तारीख टाकायला कंट्रोल आणि अर्धविराम दाबावा, तर सेलमध्ये इंग्रजी 'ई' अधोरेखित होऊन बसतो. लिनक्सवर बसणाऱ्याला यातले एखादे तरी भेटतेच. गोव्यात जरा जास्त. आपल्याकडे एकाच कॉम्प्युटरवर मराठी, कोंकणी, इंग्रजी चालते. वर जुन्या घराजमिनीचे कागद करताना पोर्तुगीज नावांतला शेपटीवाला 'सी' आणि डोक्यावर लाट असलेला 'ए' लागतो. भाषा वाढल्या की त्या बदलायच्या कळा वाढतात, आणि तिथेच टक्कर होते.

अ‍ॅप बिघडले म्हणून ते काढून पुन्हा टाकणे

ही सगळ्यात महागडी चूक, कारण यात दुपार जाते आणि हाती काही लागत नाही. कळ दाबल्यावर ती थेट अ‍ॅपकडे जात नाही. पंचायतीत आलेला अर्ज जसा आधी सचिवाच्या टेबलावर पडतो, तशी ती आधी डेस्कटॉपच्या, म्हणजे विंडो आणि पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात पडते. ग्नोम, प्लाझ्मा, सिनेमन, एक्सएफसीई, कोणताही असो, त्याने ती कळ आपली म्हणून राखून ठेवली असेल तर अ‍ॅपला ती दाबली गेल्याचे कळतसुद्धा नाही. मग अ‍ॅप दहा वेळा टाका की वीस वेळा.

म्हणून आधी एवढेच बघा: तोच शॉर्टकट दुसऱ्या अ‍ॅपमध्ये दाबा, मग सगळ्या विंडो बाजूला करून रिकाम्या डेस्कटॉपवर दाबा. तिथेही तेच होत असेल तर कळ डेस्कटॉपने घेतली. फक्त एकाच अ‍ॅपमध्ये गडबड असेल तर भांडण त्या अ‍ॅपच्या आतले आहे. एखादे एक्स्टेन्शन किंवा प्लगिन बघा.

खरी डोकेदुखी तेव्हा, जेव्हा काहीच होत नाही. एक्सएफसीईमध्ये कंट्रोल+एफ१ पासून कंट्रोल+एफ१२ पर्यंतच्या कळा मुळातच वर्कस्पेस (विंडो वाटून ठेवायचे वेगवेगळे पडदे) बदलायला दिलेल्या असतात. तुमच्याकडे वर्कस्पेस चारच असतील, तर कंट्रोल+एफ१२ दाबल्यावर जायला बारावे वर्कस्पेस नसते, पण कळ मात्र गिळली जाते. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये हाच शॉर्टकट टेबल घालायचा. दाबणाऱ्याला वाटते रायटर झोपला.

अशा मुक्या कळांसाठी 'एक्सईव्ही' हे छोटे साधन आहे. ते पडद्यावर विंडो दाखवणाऱ्या जुन्या एक्स११ यंत्रणेसाठी; वेलँड या नव्या यंत्रणेवर त्याचा भाऊ 'डब्ल्यूईव्ही'. टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोतून, चालवा, त्याची छोटी पांढरी विंडो पुढे ठेवा आणि शॉर्टकट दाबा. कळ अ‍ॅपपर्यंत पोचत असेल तर दाबल्याची नोंद टर्मिनलमध्ये दिसते. डेस्कटॉपने मध्येच उचलली असेल तर कंट्रोल दिसतो, ऑल्ट दिसतो, आणि एलच्या जागी विंडोवरचा फोकस गेल्याची ओळ येते. 'एक्सईव्ही'मध्ये त्या ओळीत 'नोटिफायग्रॅब' असा शब्द असतो. तो दिसला की चोर सापडला, अ‍ॅपच्या सेटिंग्ज उघडायची गरज नाही.

एकाच जागी शोधून सोडून देणे

एक्सएफसीईमध्ये शॉर्टकट दोन ठिकाणी राहतात. विंडो हलवणे, मोठी करणे, वर्कस्पेस बदलणे हे 'विंडो मॅनेजर'च्या कीबोर्ड टॅबमध्ये; प्रोग्राम उघडणे, स्क्रीन लॉक करणे हे 'कीबोर्ड'च्या अ‍ॅप्लिकेशन शॉर्टकट्समध्ये. कंट्रोल+ऑल्ट+एल दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि शोधणारा हमखास पहिल्या ठिकाणी शोधतो.

ग्नोमचा त्रास वेगळा. तिथे एका कामाला अनेक शॉर्टकट असू शकतात. डाव्या वर्कस्पेसवर जायला सुपर+पेजअप (सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ) आहे, सुपर+ऑल्ट+डावा बाण आहे आणि कंट्रोल+ऑल्ट+डावा बाणही आहे. हा शेवटचा इंटेलिजेमध्ये मागच्या जागी परत जायचा. सेटिंग्जमध्ये समोर दिसणारा एक बदलला म्हणून बाकीचे गेले असे समजू नका. डीकॉन्फ एडिटर हे ग्नोमच्या आतल्या सेटिंग्ज दाखवणारे साधन उघडा, 'डब्ल्यूएम' खालच्या 'कीबाइंडिंग्ज'मध्ये जा, आणि त्या कामाची पूर्ण यादी वाचून नको तेवढाच काढा. यादी रिकामी केली तर ते काम कळेवरून होणेच बंद होते. तेही चालते, फक्त आपण काय केले ते ठाऊक असू द्या.

प्लाझ्मावाल्यांची यात मजा आहे. नवा शॉर्टकट देताना तो आधीच कुणाचा असेल तर प्लाझ्मा तोंडावर सांगतो. शिवाय त्याच्या विंडो नियमांमध्ये 'ग्लोबल शॉर्टकट दुर्लक्षित करा' असा पर्याय आहे. एखाद्याच अ‍ॅपसाठी तो लावला की ते अ‍ॅप समोर असेपर्यंत डेस्कटॉप हात आखडता घेतो. पण मग त्या अ‍ॅपमधून कळांनी बाहेर पडणेही बंद होते, हे लावण्याआधी लक्षात घ्या.

माउसला शॉर्टकट न समजणे

जत्रेतल्या नाटकाचे हँडबिल इंकस्केपमध्ये लावताय. नटाच्या फोटोवर नाटकाच्या नावाची पट्टी, पट्टीवर आणखी एक चौकट. खालचा फोटो पकडायचा तर ऑल्ट धरून क्लिक, मग ऑल्ट धरूनच ओढायचे. लिनक्स मिंटच्या सिनेमनवर ऑल्ट धरून ओढणे म्हणजे विंडो हलवणे. मग फोटोऐवजी इंकस्केपची विंडोच स्क्रीनभर फिरते. शॉर्टकटच्या यादीत हे शोधाल तर सापडणार नाही, कारण ही कळ तिथे नसतेच. 'विंडोज' या सेटिंगमध्ये 'बिहेवियर' टॅब उघडा. विंडो हलवण्याची खास कळ तिथे आहे. ती ऑल्टवरून सुपरवर न्या. एक्सएफसीईमध्ये हेच 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'च्या अ‍ॅक्सेसिबिलिटी टॅबमध्ये सापडते. ग्नोमने ही कळ मुळातच सुपरवर ठेवली आहे. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये ऑल्ट-क्लिकने एज लूप (कडांची सलग साखळी) निवडता येत नसेल, तरी औषध हेच.

भाषेच्या कळांवर संशय न घेणे

डीटीपीच्या दुकानातून हमखास येणारी तक्रार: "सर, कंट्रोल सी चालत नाही हो, पण कधी कधी चालतो." हे 'कधी कधी' महत्त्वाचे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटमध्ये सीच्या जागी 'म' आहे आणि व्हीच्या जागी 'न'. मराठी चालू असताना काही अ‍ॅप्सना कंट्रोल+सीऐवजी कंट्रोल+म ऐकू येतो आणि ती गप्प बसतात. बहुतेक नवी अ‍ॅप्स अशा वेळी यादीतल्या इंग्रजी लेआउटकडे बघून अर्थ लावतात, पण त्यासाठी यादीत इंग्रजी हवे. 'आपण मराठीच टाइप करतो' म्हणून ते काढून टाकले असेल तर आधी परत घाला. मराठी आयबस या भाषा टाइप करायच्या साधनाच्या एम१७एन या भागातून घेतली तर ही अडचण सहसा येत नाही, कारण खालचा कीबोर्ड इंग्रजीच राहतो.

सुरुवातीचा तो अधोरेखित 'ई' आयबसचाच. इमोजी शोधण्यासाठी त्याने कंट्रोल+पूर्णविराम आणि कंट्रोल+अर्धविराम अनेक आवृत्त्यांत अडवून ठेवलेले असतात. पहिल्यामुळे व्हीएस कोड या कोड एडिटरमधला क्विक फिक्स (चूक दुरुस्त करायची सोय) मरतो, दुसऱ्यामुळे कॅल्कची तारीख. आयबसच्या सेटिंग्जमध्ये इमोजी टॅब उघडून दोन्ही काढा. आयबसऐवजी एफसीआयटीएक्स५ वापरत असाल तर तिथे क्लिपबोर्डची सोय कंट्रोल+अर्धविरामावर आणि भाषाबदल कंट्रोल+स्पेसवर असतो. कॅल्कमध्ये अख्खा कॉलम निवडायचा शॉर्टकट कंट्रोल+स्पेसच आहे.

भाषा बदलायला कंट्रोल+शिफ्ट किंवा ऑल्ट+शिफ्ट ही जोडी ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत. टर्मिनलमध्ये कॉपी करायला कंट्रोल+शिफ्ट+सी दाबायला जाता आणि एक्स११ वर सी दाबण्याआधीच भाषा पालटून जाते. सुपर+स्पेस घ्या. बोटांना चार दिवस जड जाईल, एवढेच.

कॉन्सेसांवसारखे नाव पोर्तुगीज वळणाने लिहायला कंपोझ कळ, म्हणजे एकामागून एक कळा दाबून एक अक्षर जुळवणारी, उत्तम: कंपोझ, स्वल्पविराम, सी. पण ती उजव्या ऑल्टवर बसवू नका. मराठी लेआउटमधली तिसऱ्या पातळीची (साध्या आणि शिफ्टच्या पलीकडची) अक्षरे तिथूनच येतात. कॅप्स लॉक तसाही फुकट पडलेला असतो, तो द्या.

डेस्कटॉपच्या आवाक्याबाहेरच्या कळांशी झगडणे

कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबून पडदा काळा झाला आणि लॉगिन मागू लागला, तर घाबरून बटण दाबून कॉम्प्युटर बंद करू नका. न जपलेले काम जाईल. ही साध्या टर्मिनलची खोली आहे. ग्नोमवर बहुधा कंट्रोल+ऑल्ट+एफ१ किंवा एफ२, मिंटवर एफ७ दाबले की परत आलात. त्याचमुळे इंटेलिजेमधला कंट्रोल+ऑल्ट+एफ७ मिंटवर चालत नाही. इथे डेस्कटॉपकडे दाद मागण्यात अर्थ नाही, अ‍ॅपमध्येच दुसरी कळ द्या. इंटेलिजेच्या कीमॅप यादीत ग्नोमसाठी आणि केडीईसाठी (म्हणजे प्लाझ्मासाठी) तयार संच आहेत, ते आधी लावून बघा.

लॅपटॉपवर एफ२ दाबल्यावर सेल उघडण्याऐवजी उजेड कमी होत असेल तर तो एफएन कळेचा मामला. काही लॅपटॉपवर एफएन+एस्केपने तो पालटतो, काहींवर बायोस या कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये जावे लागते.

बदल करायचा कुठे, डेस्कटॉपमध्ये की अ‍ॅपमध्ये? दिवसातून पन्नासदा लागणारा शॉर्टकट जिथला असेल तो राखा, दुसऱ्याला हलवा. नवे शॉर्टकट देताना सुपरच्या कळा डेस्कटॉपला आणि कंट्रोल-ऑल्टच्या अ‍ॅप्सना असा बांध घातलात तर पुढची भांडणे कमी होतील. आणि हे सगळे आपल्या लॉगिनमधूनच करा. सुडो ही प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड लावून सेटिंग्ज उघडल्या तर बदल रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, खात्यात जातात आणि तुमच्याकडे सगळे होते तसेच राहते.

शेवटी अकाउंटवाल्यांसाठी. लिनक्सवरून रेमिना या दूरचा कॉम्प्युटर चालवायच्या प्रोग्रामने ऑफिसच्या विंडोज मशिनवरची टॅली उघडता, कालावधी बदलायला ऑल्ट+एफ२ दाबता आणि टॅलीऐवजी तुमच्याच डेस्कटॉपची 'कमांड द्या' अशी चौकट येते. इथे एकही शॉर्टकट बदलायचा नाही. रेमिनाच्या टूलबारवर कीबोर्डच्या सगळ्या कळा पकडण्याचे बटण आहे, ते चालू करा. वेलँडवरचा ग्नोम परवानगी विचारेल, द्या. कळा परत डेस्कटॉपकडे घ्यायच्या झाल्या की ग्नोममध्ये सुपर+एस्केप, रेमिनामध्ये उजवा कंट्रोल.