मोबाइलच्या खोक्यावरचे भारी शब्द कसे तपासावेत

कापूस विकायला नेला की व्यापारी आधी मूठभर दाबून ओल बघतो. सोनं घेताना आपण 916 चा शिक्का शोधतो. पण मोबाइलच्या दुकानात 'अल्ट्रा', 'टर्बो', 'एआय' कानावर पडलं की कापसाचे कष्टाचे पैसे आपण न तपासताच मोजतो. माझ्या पुतण्याने असाच 'गेमिंग बीस्ट' आणला. मे महिन्यात तो भर दुपारी अडखळायला लागला, आणि पोराचं तोंड पाहून मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून घरात कुणाला फोन घ्यायचा असला की मी आधी त्याला कागद आणि पेन्सिल घेऊन बसवतो.

जाहिरातीतला मजकूर कागदावर उतरवा. ज्या शब्दाला 'किती?' असं विचारता येत नाही, तो खोडा. 'नेक्स्ट जेन', 'इमर्सिव्ह', 'प्रो' लगेच जातात. उरतात ते आकडे. आता एकेक आकडा कशाचा आहे ते शोधायचं.

रॅम म्हणजे चालू ॲपची कामापुरती जागा, स्टोरेज म्हणजे फोटो-ॲप साठवायची कायमची जागा. '16 जीबी रॅम' दिसलं की खालची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा तिथे '8+8' असतं. त्यातले पहिले 8 खरी रॅम. दुसरे 8 स्टोरेजमधून उसने घेतलेले. स्टोरेज हे रॅमपेक्षा कितीतरी हळू. मागे उघडी राहिलेली ॲप टिकवायला या उसन्या जागेचा थोडा उपयोग होतो, गेम मात्र त्याने पळत नाही. भाव करताना तो फोन 8 जीबीचाच धरा.

'144 हर्ट्झ' म्हणजे पडदा सेकंदाला 144 वेळा चित्र बदलू शकतो, एवढंच. चित्रं तयार करायची चिपने, म्हणजे फोनच्या मेंदूने. ती 45 च देत असेल, तर पडदा काय करणार? म्हणून चिपचं पूर्ण नाव लिहून घ्या. नुसतं 'ऑक्टा-कोर' चालणार नाही, आठ कोर, म्हणजे चिपमधले काम करणारे आठ भाग, स्वस्त फोनमध्येही असतात. मग दुकानातच आपला गेम उघडून सेटिंगमध्ये सेकंदाला किती फ्रेमचा, म्हणजे चित्रांचा, पर्याय मिळतो ते बघा. '240 हर्ट्झ टच' ही आणखी वेगळी गोष्ट, ती बोटाचा स्पर्श सेकंदाला किती वेळा टिपला जातो ते सांगते.

आता उन्हाचं. माझ्या मते खान्देशात सगळ्यात आधी हेच तपासायला हवं. भुसावळ-जळगावकडे मेमध्ये पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि ॲपल आयफोन वापरायला 0 ते 35 अंश हवामान सांगते. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. 'व्हेपर चेंबर' आतली उष्णता पसरवतो खरा, पण भोवतालची हवाच तापलेली असली तर ती बाहेर पडायलाही वेळ लागतो. एसीतल्या पाच मिनिटांच्या डेमोवरून काहीच कळत नाही. तेच मॉडेल वापरणारं ओळखीचं कुणी गाठा, त्याच्या घरी दुपारी पंख्याखाली अर्धा तास गेम चालवा, आणि पहिल्या पाच मिनिटांची शेवटच्या पाचांशी तुलना करा.

108 मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुतेक वेळा नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतो. 'मिलिटरी ग्रेड' असेल तर नेमकी कोणती चाचणी केली ते विचारा. अमेरिकी लष्कराच्या त्या मानकात चाचण्या अनेक आहेत आणि कोणत्या घ्यायच्या ते कंपनीच ठरवते.

एवढं झालं की मग जळगावचं गोलाणी मार्केट गाठा, नाहीतर धुळ्याचा आग्रा रोड. न कळलेल्या शब्दावर बोट ठेवून 'हाई काय शे, भाऊ?' असं सरळ विचारायला लाजू नका. बिलावर पूर्ण मॉडेल आणि खरी रॅम लिहून घ्या. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. सांगितलं एक आणि हातात पडलं दुसरं, असं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करताना ते बिल आणि तो फोटो दोन्ही लागतील.