जळलेल्या उतारावर झाडं लावताय? या चुका टाळा

वणवा विझला की टेकडीवर दरवर्षी तीच गडबड बघतोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे राख न खरवडता माती बघणं. राख बऱ्याचदा पाणी पटकन पिते, वरून सगळं काळंभोर ओलं दिसतं आणि मंडळी खूश. पण पालापाचोळा जळताना त्यातले मेणचट पदार्थ वाफ होऊन खाली जातात, थंड मातीच्या कणांवर बसतात आणि मग थोडा खालचा थर पाणी घेतच नाही. एका ग्रुपला म्हटलं जरा खरवडून बघा, तर म्हणे दादा टँकर आलाय, वेळ नाहीये. सोडला पाईप उतारावर! राख भिजली, पाणी खाली मुरेना, मग राखेसकट सगळा चिखल सरकायला लागला, ताजी आळी फुटली, रोपं खालच्या पायवाटेवर. तिथेच खुरप्याने ओरखडा मारला तर बोटभर खाली माती ठणठणीत कोरडी. वळवाच्या पावसात तर पूर्ण उतारावर एकदम पाणी पडतं, तेव्हा काय होईल बघा.

मी खिशात ड्रॉपर ठेवतो. राख बाजूला करून थेंब टाकायचा, मग एकेक सेंटिमीटर खाली जात परत टाकायचा. 5 सेकंदांत मुरला तर ठीक, अळूच्या पानावर बसतो तसा गोल बसून राहिला तर माती पाणी ढकलतेय. एका जागेवरून ठरवू नका, हे पट्ट्यापट्ट्यात असतं.

चार दिवस पाऊस झाल्यावर टेस्ट करू नका. ओल टिकली की हा गुण बऱ्याचदा उतरतो, सुकली की परत येऊ शकतो.

जळलं म्हणजे माती बिघडलीच, हेही नको. गवताची आग भरकन पुढे जाते, माती फारशी तापत नाही. पाल्याचे ढीग धुमसले तिथे आधी बघा. आणि वाहून जाण्याचा सगळा दोष या थराचाही नसतो. कॅलिफोर्नियात मोंटेसिटोला 9 जानेवारी 2018 ला चिखलाच्या लोंढ्यात 23 लोक गेले, त्याच्या आदल्याच महिन्यात वरचे डोंगर जळले होते. झुडपं आणि पाला गेला की थेंब थेट मातीवर आपटतो, पाणी अडवायलाही काही उरत नाही.

पाणी मुरावं म्हणून साबणाचं पाणी ओतणं कुंडीपुरतं ठीक, टेकडीवर प्लीज नको.

मी फक्त खड्ड्यातला थर कुदळीने फोडतो, बाकी उतार उकरत नाही, कारण भुसभुशीत केलेली माती पहिल्या सरीत आधी जाते. वर वाळकं गवत जाडसर पसरायचं, फांद्या उताराला आडव्या टाकून जमिनीला नीट टेकवायच्या, खाली फट राहिली तर पाणी तिथूनच घळ पाडतं. हे कंटाळवाणं काम आहे, फोटो चांगले येत नाहीत, म्हणून कोणी करत नाही.